सॅम्पल फ्लॅटमधलं आमचं स्वयंपाकघर

मागच्या वर्षी मी घरातला जुना कॅमेरा दुरुस्त करून घेतला आणि ठरवलं, लहानपणीच्या अल्बममधले फोटो त्याच जागी, त्याच माणसांना बसवून पुन्हा काढायचे. शाळेच्या पायरीचा सहज जमला. तळ्याकाठचाही जमला, फक्त मागे झाडाऐवजी पाणीपुरीची गाडी आली. अडलं ते आईच्या फोटोपाशी.

त्या फोटोत आई स्टोव्हला पंप मारतेय आणि मी तिच्या शेजारी फरशीवर पळी चाटत बसलेय. पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक भाताची गिरणी होती. तिच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो. आता गिरणी पाडून तिथे टॉवर बांधताहेत.

"जागाच नाही तर फोटो कुठे काढणार?" आई म्हणाली.

बाबांनी आयुष्यभर सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या. त्यांना हे वाक्य आवडलं नाही. "जागा कुठे जात नसते. वरचं तेवढं बदलतं," असं म्हणून त्यांनी मला माळ्यावरून टेप काढायला लावली.

रविवारी आम्ही तिघं गेलो. गिरणीची विहीर अजून होती. तिला जाळी बसवून भोवती कुंड्या मांडल्या होत्या. बाबांनी कठड्यापासून मोजायला सुरुवात केली; तिथून स्टोव्हपर्यंतचं अंतर त्यांना पाठ होतं. मी टेपचं एक टोक धरून उभी, ते दुसरं टोक घेऊन मागे मागे चाललेले. मोजत मोजत ते पाठीने एका काचेच्या दारावर आपटले. दारावर लिहिलं होतं, 'सॅम्पल फ्लॅट'.

दाराशी खुर्ची टाकून गिरणीवाल्यांचा मुलगा बसला होता. आता तोही साठीचा, बिल्डरचा भागीदार. त्याने आईला लगेच ओळखलं. "काकी, तुमी? जावा ना आत. घर तुमचाच हाय. पन चपला भायेर काडा."

आत सेल्सची मुलगी पुढे आली. "सर, टू बीएचके बघताय की थ्री?"

"स्टोव्ह बघतोय," बाबा म्हणाले. "आमचा स्टोव्ह कुठे होता ते."

तिने हातातला नकाशा उघडला. "किचन आग्नेयेला आहे सर. वास्तूप्रमाणे."

"आमचं नैर्ऋत्येला होतं. काही झालं नाही."

टेप बैठकीतून, शोभेच्या कागदी टीव्हीसमोरून, मोठ्या बेडरूममध्ये गेली आणि भिंतीतल्या कपाटापाशी संपली. बाबांनी खडूने दारावर फुली मारली. एवढ्यात गिरणीवाल्यांचा मुलगा मागून आला. "नाय काका. चुकलाव. काकींचा स्टो दोन पावलां अलीकडं होता." म्हणजे पलंगावर. बाबा म्हणाले टेप खोटं बोलत नाही. तो म्हणाला, मी तुमच्या खिडकीतून रोज पोळी मागून खायचो, मला म्हाईत नाय काय? दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून वाद घालू लागले.

आईने कपाट उघडलं. आत फळ्या नव्हत्या, नुसती पोकळी. ती वाकून आत शिरली, मांडी घालून बसली आणि डावा हात न बघता बाजूला नेला. "इथे मिठाची बरणी होती," ती म्हणाली. "हीच जागा."

बाबांनी डायरीत नोंद केली. वाद मिटला.

मी कॅमेरा लावला तेव्हा फ्लॅट बघायला एक जोडपं आत आलं. रोडपालीला भाड्याने राहत होते. कपाटात बसलेली बाई बघून नवरा दारातच थांबला. बायको मात्र आईच्या समोर उकिडवी बसली.

"काकू, तुम्ही इथे राहता?"

"राहत होते. अकरा वर्षं."

 शेजारच्या टॉवरला अजून छप्पर नव्हतं, पण ते कुणालाच आठवलं नाही.

"पाण्याचं कसं आहे?"

"विहिरीवरून आणावं लागतं. पण मे महिन्यातसुद्धा आटत नाही."

"हवा?"

"संध्याकाळी खाडीवरून वारा येतो. मुलं छान झोपतात. उंदीर मात्र फार. पीठ झाकून ठेवायचं."

नवऱ्याने मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं.

मी कॅमेऱ्यामागे हसू दाबत होते. मग लक्षात आलं, आई गंमत करत नाहीये. त्या घराबद्दल तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. मीही नाही. बोलता बोलता तिचा उजवा हात पंप मारल्यासारखा हलायला लागला होता.

आता माझी जागा. बाबांनी पुन्हा मोजलं. मी बसायचे ती फरशी भिंतीपलीकडे, बाथरूममध्ये येत होती. "मग तिथे जाऊन बस," ते म्हणाले. मी म्हटलं, मी फोटोत दिसणार नाही. "दिसण्याचा प्रश्न नाही. जागेवर असलं पाहिजे." म्हणून मी नळ नसलेल्या बाथरूममध्ये मांडी घालून बसले आणि बटण बाबांनी दाबलं. त्या फोटोत एकटी आई आहे.

आठवड्याने सेल्सच्या मुलीचा फोन आला. त्या जोडप्याने फ्लॅट बुक केला होता. काकू रविवारी येऊन बसतील का, असं तिने विचारलं. मला वाटलं आई नाही म्हणेल. ती घरची उशी घेऊन तीन रविवार गेली. चौथ्या रविवारी गुडघा धरला आणि ती थांबली. पुढे काही महिन्यांनी सॅम्पल फ्लॅटही पाडला, कारण तिथून गाड्यांचा रस्ता काढायचा होता.

परवा मी आणि आई बाजारात मेथी घेत होतो, तेव्हा ती बाई भेटली. त्यांना अजून घर मिळालं नव्हतं, तारीख पुढे पुढे चालली होती. तिने आईचा हात धरला.

"काकू, तुम्हाला पझेशन किती वर्षांनी मिळालं होतं?"

"आम्हाला लगेच मिळालं," आई म्हणाली. "हिच्या बाबांची एक ट्रंक होती, ती ठेवली आणि राहायला लागलो."

बाईने आईचा हात सोडला. मग तिने एक जुडी मेथी घेतली आणि आईला विचारलं, ही निवडायला बरी आहे ना.