विमानाची उजवी बाजू

विश्वजीत गायके आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आला, तेव्हा मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, की गच्चीवर मित्रांच्या मैफली चालणार नाहीत. त्यानं नुसती मान हलवली. मैफल जमवायला माणसं लागतात आणि ह्याच्याकडे कुत्रंही फिरकत नाही, हे मला पुढं कळलं. वाळूजला गाड्यांच्या कारखान्यात तो रंग तपासायच्या कामाला होता. रंगून आलेल्या गाडीभोवती फिरायचं, कुठं छटा फिकी पडली, कुठं ओघळ आला ते सांगायचं. चाळिशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी जिन्यात चपला वाजायच्या, कुलूप वाजायचं, की संपलं. आमच्या सिडकोत शेजारच्या घरात कसली फोडणी पडली ते आपल्या ओट्यापाशी कळतं, पण वर माणूस आहे की नाही ह्याचा मला पत्ता नसे.

एकदा गळका नळ बघायला म्हणून वर गेले आणि त्याच्या संगणकावर ते दिसलं. सगळ्या पडद्यावर पांढरे तुकडे पसरले होते, शिंप्याच्या टेबलावर ब्लाऊजचे कापलेले भाग पडलेले असतात तसे.

"हे काय रे?"

"विमान हाय, काकू. उसवलेलं."

संगणकावर विमान उडवायचा एक खेळ असतो. जगभरची माणसं तो खेळतात आणि त्यांना खऱ्यासारखी विमानं लागतात. विश्वजीत विमान उडवत नसे, तो फक्त रंगवायचा. त्या सपाट तुकड्यांवर पट्टे, अक्षरं, खिडक्यांखालचे डाग, इंजिनामागची काजळी, सगळं रंगवायचं. खेळात गेलं की ते तुकडे आपोआप शिवले जाऊन विमान उभं राहतं. मग हा ते फुकट वाटून टाकायचा. पोलंड, ब्राझील, कुठली कुठली माणसं ते घ्यायची आणि दोन ओळी आभाराच्या लिहायची. हा प्रत्येकाला उत्तर लिहीत बसे. दिवसभरात त्याचं एवढंच काय ते बोलणं.

"आणि पैसे?"

"नाय."

मी कपाळावर हात मारला. पण त्याचा एक नियम मला आवडला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून स्वतः फोटो काढल्याशिवाय हा माणूस एक रेघ ओढायचा नाही.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. नळाला पाणी कधी येईल ह्याची वाट बघण्यात गल्लीचा दिवस जायचा, आणि शहर मात्र जालना रोडनं करमाडच्या दिशेनं सुटलंच होतं. पाणी नाही तिथंही प्लॉटिंगच्या पाट्या होत्या. ढगांतून पाऊस पाडायला म्हणून चिकलठाण्याच्या विमानतळावर एक छोटं विमान आणून ठेवलं. पंखांच्या मागच्या कडेला नळकांड्यांची रांग. ढग आले की ते उडायचं, नळकांड्या पेटवून ढगात धूर सोडायचं आणि परत यायचं. लोक हसायचे. आमच्या गल्लीत तर म्हणायचे, विमान दिसलं की ढगसुद्धा पळून जातात.

विश्वजीत हसला नाही. सुट्टीच्या दिवशी तो कॅमेरा घेऊन विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहू लागला. पुढं मला बोलावून त्यानं ते विमान दाखवलं. काय सुंदर रंगवलं होतं! नळकांड्यांमागचा धुराचा काळा ओरखडा होता, दाराखालचं ठिगळ होतं, त्या ठिगळाचा पांढरा बाकीच्या पांढऱ्याहून किंचित पिवळट होता. मग त्यानं विमान फिरवलं. उजवी बाजू कोरी, राखाडी होती.

"ते रोज तसंच उभं करतात. कुंपणावरून डावीच बाजू दिसती."

"मग तीच उलटी करून चिकटव की पलीकडं."

एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस माझ्यावर भडकला. "काकू, माणसाच्या दोन्ही गालांवर एकाच जागी तीळ असतो का?"

"बरं बाबा. मग उजवी कुठून दिसेल?"

त्यानं विमान परत डाव्या बाजूला फिरवलं. "दादाच्या गच्चीवरून," म्हणाला.

ह्याला भाऊ आहे हे मला त्या दिवशी कळलं. गायक्यांचं शेत धावपट्टीच्या पलीकडं होतं. लहानपणी थोरला भाऊ कारभारी ह्याला खांद्यावर बसवून बांधावर उभा राही, म्हणजे उतरणारं विमान ह्याला जवळून दिसावं. आईवडील गेले, शहर शेतापर्यंत आलं, कारभारीनं जमिनीचे प्लॉट पाडून विकले आणि एक ठेवून त्यावर बंगला बांधला. ह्यानं कागदावर सही केली, आपला वाटा घेतला, आणि सही करताना म्हणाला, "आज आईला विकलंस, उद्या मलाबी विकशील." कारभारी काही बोलला नाही, आणि त्यानंतर कधीच बोलला नाही. हाही गेला नाही.

"मग आता जा."

"काय म्हणून जाऊ?"

"विमान बघायला म्हणून!"

मी हे रागानं म्हणाले होते, पण त्याचा चेहरा एकदम बदलला. त्याला जायचंच होतं. कारण तेवढं सापडत नव्हतं. दोन दिवसांनी खाली येऊन दारात घुटमळत म्हणाला, "काकू, तुमी येता का संगं?"

आम्ही रिक्षानं गेलो. तीन मजली बंगला होता, फाटकावर नाव होतं 'द्वारकाई'. द्वारकाबाई म्हणजे ह्यांची आई. विश्वजीत ती पाटी वाचत उभाच राहिला. मी मागून ढोसलं नसतं तर तिथूनच परत फिरला असता.

फाटकात टँकर होता. घरची मोटार जळाली होती, दुष्काळात तेरावा महिना, म्हणून टँकरचा पाइप थेट गच्चीवर नेला होता. आम्ही वर पोचलो तर एक दणकट माणूस टाकीवर वाकून पाइपशी झटापट करत होता. त्यानं मागं वळून पाहिलं.

"आला व्हय? धर हे. लई उड्या मारतंय."

विश्वजीतनं पाइप धरला. दोघांचे चारी हात पाइपावर, मान एकमेकांकडं नाही. पलीकडं धावपट्टीच्या कडेला ते विमान उभं होतं, उजवी बाजू आमच्याकडं करून. पण त्या दिवसांत पाण्याचा पाइप कोण सोडणार? तेवढ्यात पाइप निसटला आणि विश्वजीत गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट चिंब भिजला. कॅमेरा काही चालू होईना.

कारभारीची बायको दीपमाला टॉवेल घेऊन आली, चहा घेऊन आली. "भाऊजी, वाळलात किती," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून खाली निघून गेली.

"कशाला आल्ता?" कारभारीनं विचारलं.

"त्या विमानाचा फोटो काढाया."

"मंग?"

"कॅमेरा भिजला. रविवारी परत येतो."

"ये," कारभारी म्हणाला.

कॅमेरा बिघडला म्हणून इतका खूश झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. रिक्षात तो बोलतच होता. दादाचे केस किती पिकले, वहिनीचा चहा अजून तसाच गोड असतो, आईचं नाव दगडात कोरलंय की पितळी आहे. उजव्या बाजूबद्दल मात्र चकार शब्द नाही. कॅमेरा तांदळाच्या डब्यात घालून त्यानं वाळवला. रविवारसाठी शर्ट इस्त्रीला टाकला.

शुक्रवारी कामावरून येऊन त्यानं मला मोबाइल दाखवला. कारभारीनं फोटो पाठवले होते. विमानाची उजवी बाजू, गच्चीवरून. खाली लिहिलं होतं, 'विमान उद्या चाललंय म्हणे. तुझं काम अडू नये.'

फोटो चांगले स्वच्छ होते. मी चष्म्याशिवाय विमानावरची अक्षरं वाचली. आणि दोन गालांच्या तिळावरून माझ्यावर भडकलेला हा माणूस माझ्यासमोर टाइप करू लागला, 'धूसर आलेत. यावं लागेल.' पाठवलं आणि माझ्याकडं बघायचं टाळून वर निघून गेला. असलं खोटं देवसुद्धा माफ करत असेल.

शनिवारी सकाळी विमान उडायच्या आत कारभारीनं लग्नाचे फोटो काढणारा एक माणूस पकडून गच्चीवर चढवला. ह्या वेळी इतके फोटो आले की मोबाइल टिंगटिंग करत राहिला. मोठ्या भिंगाचे, प्रत्येक बाजूचे, एकेक खिळा मोजून घ्यावा असे. शेवटी निरोप होता, 'आता तर झालं ना? उन्हातान्हात तुला यायची गरज नाही.'

त्या भल्या माणसाला कुठल्या तोंडानं दोष द्यायचा? भावासाठी करण्यासारखं होतं नव्हतं ते सगळं त्यानं केलं होतं.

रविवारी सकाळी मी वर गेले. विश्वजीत इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढं बसला होता. विमान सावकाश गोल फिरत होतं आणि आता त्याला कोरी बाजू नव्हती. दुसऱ्यानं काढलेल्या फोटोवरून त्यानं पहिल्यांदाच रेघ ओढली होती. उजव्या पंखावरचा काळा ओरखडा डाव्यापेक्षा लांब होता. तेवढं त्यानं मला बोटानं दाखवलं.

"अरे, तसाच जा! भाऊ आहे तुझा. विमान कशाला पाहिजे?"

"काय म्हणून जाऊ, काकू?" तो म्हणाला. "आता काय राह्यलंच नाय."

दुपारी पोलंडहून कुणाचे तरी आभार आले. त्यानं उत्तर लिहिलं. इस्त्रीचा शर्ट मात्र संध्याकाळपर्यंत अंगातच होता.