इमारत नसलेलं कॉलेज

कसबा बावड्यात भिंतीवर माझं नवं पत्रक चिकटवत होतो. दोन्ही हात खळीनं भरलेले. छापखान्यातला आमचा कंपोझिटर महादबा सायकलवरून आला, पाय टेकून म्हणाला, "मगदूम सर गेलं की रं, सकाळीच." मी हातातलं पत्रक भिंतीवर दाबतच राहिलो... मनात पहिला विचार आला तो सरांचा नव्हे, माझाच. खुलासा राहिला. तीन वर्षं राहिला, आणि आता ज्याच्यासाठी छापायचा तो माणूसच नाही.

मगदूम सर मूळचे मुरगूडचे, शेतकऱ्याच्या घरातले. कोल्हापुरात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक आली की दर रविवारी सकाळी त्यांचा जादा वर्ग भरे, फुकट, कुणीही यावं असा. विमान त्यांनी फक्त आकाशात पाहिलेलं. पण तिथला अध्यक्ष कसा निवडतात, कोण त्याला अडवू शकतं, किती वर्षांनी त्याला घरी जावंच लागतं, हे ते मुरगूडच्या बाजाराची गोष्ट सांगावी तसं सांगत. घरच्या भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला अमेरिकेचा नकाशा. प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातलं एकेक राज्य वाटून द्यायचे. अभ्यास त्यानं करायचा, आणि निकालाच्या सकाळी सरांच्या घरी रेडिओ ऐकून आपलं राज्य तिथं जिंकलेल्याच्या रंगानं रंगवायचंही त्यानंच.

हे सगळं मला नंतर कळलं. ऐंशी साली मला एवढंच ठाऊक होतं, की हा मास्तर पोरांना अमेरिका शिकवतो, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. चहाच्या गाड्यावर त्यांच्या वर्गातली दोन पोरं बोलत होती. "कॉलेजची माणसं आधी निवडायची, मग कॉलेज अध्यक्ष ठरवणार," असलं काहीतरी. मी अर्धवट ऐकलं आणि सरळ छापखाना गाठला. मथळा दिला, 'अमेरिकन कॉलेज, चले जाव!' खाली लिहिलं, की मगदूम नावाचे गृहस्थ परदेशी पैशावर कोल्हापुरात नवं कॉलेज काढताहेत. महादबानं अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता विचारलं, "खरं हाय न्हवं?" मी म्हणालो, "तू जुळव."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः छापखान्यात आले. हातात पत्रक. मला वाटलं, आता भांडण. तर ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पावणं, ह्ये आमचं कॉलेज कुठं हाय, जरा दावता का? हजर व्हावं म्हणतो." महादबा तोंड फिरवून हसला. मग सरांनी समजावलं. तिथं लोक थेट अध्यक्ष निवडत नाहीत; प्रत्येक राज्य आपल्या वाट्याचे प्रतिनिधी निवडतं, आणि ते प्रतिनिधी अध्यक्षाला मत देतात. त्या सगळ्या प्रतिनिधींना मिळून म्हणतात इलेक्टोरल कॉलेज. "इमारत न्हाय, घंटा न्हाय, चार वर्सांत एकच दिवस हजेरी. असलं कॉलेज मिळालं असतं तर मी आणि कशाला नोकरी केली असती रं?"

मी मान खाली घालून म्हणालो, "सर, पुढच्या पत्रकात खुलासा छापतो."

"छाप. दोन ओळी पुरं." उठता उठता म्हणाले, "आणि वर्गाला ये. तुला वायोमिंग देतो. तीनच मतं हायत. तुझ्यासारख्या चिडक्याला तेवढी बास."

मी गेलो नाही. जाऊन बसणार कुठं? आठवड्यात कॉलेजच्या चालकांनी वर्ग बंद केला. माझं पत्रक टेबलावर ठेवून सरांना म्हणे विचारलं, "हे काय?" ते पत्रक वाचून ज्यांनी एकदाही विचारलं नाही, की बाबांनो, हे कॉलेज आहे कुठं, त्यांची चीड मला अजून येते. पण त्यांच्या हातात ते दिलं कुणी? पुढच्या पत्रकात एसटीच्या भाडेवाढीचा विषय होता, त्याच्या पुढच्यात पाण्याचा. जागा नव्हती, असं मी सांगत आलो. खोटं आहे ते. एकदा चूक कबूल केली तर उरलेल्या पत्रकांवर लोक विश्वास ठेवणार नाहीत, ही भीती होती. रस्त्यात सर भेटले की विचारत, "काय, वायोमिंग काय म्हणतंय?" खुलाशाबद्दल एकदाही नाही...

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. सरांच्या बायकोनं, काकूंनी, आतल्या खोलीत नेलं. नकाशा भिंतीवर तसाच. ऐंशीच्या निकालाच्या सकाळी वर्ग नव्हता, पोरं नव्हती. सरांनी एकट्यानं रेडिओ ऐकत सगळी राज्यं रंगवली होती. एक सोडून. शेताच्या तुकड्यासारखं चौकोनी राज्य, कोरं, आत पेन्सिलीनं माझं नाव. "मी म्हटलं, तेवढंच कशाला ठेवलंय," काकू म्हणाल्या, "तर म्हणाले, ते त्याचं हाय, त्यो येईल."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल माझ्या हातात दिली, "रंगवा की आता." ऑफिसात असते तसली, एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी. मी नकाशासमोर उभा राहिलो. वायोमिंगमध्ये कोण जिंकलं होतं, मला माहीत नव्हतं. पेन्सिल फिरवून फिरवून पाहिली, आणि कुठलं टोक लावायचं ते विचारायला मागं वळलो, तर सरांची खुर्ची रिकामी.