राणीचा प्रवेशोत्सव

म्हसवडहून सकाळची एसटी धरली तेव्हा आम्ही तिघी होतो: मी, माझी मामेबहीण सुनीता आणि तिची बारा वर्षांची राणी. राणी स्वमग्न आहे. बोलते थोडं, मोठा आवाज झाला की कान दाबून पळत सुटते. सुनीताचा नवरा फौजेत. मेंढ्यांमागं जायचं तर सुनीताला पोरीला घरात कोंडून जावं लागतं. इस्लामपूरजवळ अशा मुलांची निवासी शाळा आहे, तिथं प्रत्येकाचा अभ्यास वेगळा आखतात, असं मी पुण्यात ऐकलं आणि अर्ज मीच भरला.

विट्याला जेवायला उतरलो. राणीला भाकरी कोरडी लागते, कालवण वेगळ्या वाटीत. वाढप्यानं सवयीनं ताटातच रस्सा ओतला. राणीनं ताट भिरकावलं आणि माझ्या साडीवर तर्रीचा नकाशा उमटला. मला वाटलं, आता मालक बोलणार. तो म्हणाला, "आवं, असू द्या. आमच्या म्हाताऱ्याचंबी आसंच हाय. कालवण भाकरीला शिवलं की जेवत न्हाई." आणि दुसरं ताट आणलं, वाटी लांब ठेवून. या माणसाला अर्ध्या मिनिटात जे कळलं ते मुद्दाम लिहून ठेवते.

पुढं माळ संपला, ऊस लागला. कृष्णेवरचा पूल आला तशी राणी "पाणी, पाणी" म्हणत खिडकीला नाक लावून बसली. दुपार कलता कलता शाळेत पोचलो. खोल्या स्वच्छ, भोवती उसाचं रान. वसतिगृहाच्या शांतामावशींनी तिला ओढलं नाही की कुरवाळलं नाही. नुसत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कुठली खाट घ्यायची ती घे बाय." राणीनं कोपऱ्यातली घेतली, आपलं घोंगडं आपणच अंथरलं आणि गाढ झोपली. सुनीता व्हरांड्यात डोळे पुसत होती. "ताई, घर सोडून कुठं डोळा लागला न्हाई गं हिचा. आज पहिल्यांदाच."

आम्हाला पाहुण्यांच्या खोलीत जागा दिली होती. सकाळी बघते तर दारात फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर, भोंगे आणि हलगीवाले (हलगी म्हणजे काठीनं वाजवायचं चामड्याचं वाद्य, कानठळ्या बसवणारं). आमच्याकडं शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या पोरांची अशी मिरवणूक काढतात, प्रवेशोत्सव म्हणतात. चांगली पद्धत आहे, पण कुणाच्या शाळेत हे चाललंय ते तरी बघाल की नाही?

मी मुख्याध्यापकांना गाठलं. "सर, हलगी नको. या मुलांना सोसणार नाही."

"मॅडम, पाहुणे येतायत. पाच मिनिटं तर वाजणार."

पाच मिनिटं. पोरं कानांवर हात घेऊन उभी, आणि दोन शिक्षक फोटोसाठी ते हात खाली ओढतायत. माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात राणीला कुणी तरी ट्रॅक्टरवर चढवलं. अगदी कानाशी थाप पडली आणि तिनं शिक्षिकेच्या हाताला चावा घेतला, उडी मारली आणि उसात घुसली. शांतामावशींनी तासाभरानं शोधून आणली. सरीत बसली होती, गुडघे सोललेले, कान अजून दाबलेले.

मी तशीच मंडपात शिरले आणि पाहुण्यांसमोर मुख्याध्यापकांना विचारलं, "हिच्या फायलीत पहिली ओळ काय आहे? मोठा आवाज सहन होत नाही. मी लिहिलीय."

"फाईल कार्यालयात असते, मॅडम."

"आणि वेगळा अभ्यास?"

"त्याचा आराखडा जुलैत करतो."

मग मी अजिबात थांबले नाही. त्या पाहुण्यांना, शिक्षकांना, हलगीवाल्यांनासुद्धा सुनावलं. चांगली वीस मिनिटं. बोलून हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू.

कार्यालयात गेले तर सुनीता पिशवी भरून उभी. लिपिकानं कागद पुढं केला होता: मुलगी वसतिगृहात राहण्यायोग्य नाही, पालक स्वखुशीने घरी नेत आहेत. खाली तिची सही. शाळेचा कागद म्हणून भरवशानं केलेली, तिनं तो वाचलासुद्धा नव्हता.

परतीच्या एसटीत राणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. कृष्णेचा पूल मागं पडल्यावर सुनीता म्हणाली, "ताई, वाडीत एकाकडं हलगी हाय. रोज थोडी वाजवून हिला सवय लावू का? म्हंजी पुढच्या साली घेतील."

"हलगी वाजवू नकोस गं. तिनं काही शिकायची गरजच नव्हती. काल झोपली होती ना तिथं? हलगी वाजली नसती तर राहिली असती."

सुनीता माझ्याकडं वळली.

"मग मी सही करत हुते तवा तू कुठं हुतीस?"

पुण्याला येऊन आठ दिवस झाले. शाळेला पत्र लिहिलं, वरच्या कार्यालयाला लिहिलं, आता हे लिहिते आहे. राग अजून तसाच आहे. पण सुनीताला उत्तर काही मी अजून दिलेलं नाही.