बिनरंगाचं औषध

पिंपरीला कारखाना निघाला आणि आम्ही साताऱ्याकडून रहाटणीच्या वाटेवरच्या एका चाळीत राहायला आलो. चाळीची स्वतःची विहीर होती. मालक पुण्यात राहायचे. विहिरीची देखरेख आमच्याच गावाकडच्या एका गृहस्थांकडे होती, त्याबदल्यात त्यांना खोली फुकट. मला सख्खा भाऊ नाही. पहिल्याच भाऊबीजेला मी त्यांना ओवाळलं आणि दादा म्हणू लागले.

दर सोमवारी संध्याकाळी दादा बादलीत लाल औषध कालवून विहिरीत ओतायचे. पाणी गुलाबी व्हायचं, भातालाही रंग चढायचा, आम्ही बायका कुरकुरायचो. पण रंग दिसला की जिवाला बरं वाटायचं. एका होळीनंतर रंग दिसेना. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, नवं औषध आलंय. त्याला रंग न्हाई." भात पुन्हा पांढराशुभ्र होऊ लागला. शेजारणींनी शंका काढली, तेव्हा मीच दादांची बाजू घेऊन भांडले. माझ्यासारखी शहाणी मीच.

पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीला मुदतीचा ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी तोऱ्यात सांगितलं, औषध घातलेलं. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पोर वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. दादा रोज येऊन तिच्या उशाशी बसायचे. मी त्यांना चहा द्यायचे.

भाऊबीजेला ते आले. मी पाट मांडला, आधी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "चहाच कर ताई," ते म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. होळीपासून या माणसानं आमच्या घरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. उकळलेला चहा तेवढा चालायचा.

"आधी पाणी प्या," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. "औषध होळीलाच संपलं. मालक धाडंनात. चाळीत बोललो असतो तर त्यांनी खोलीतनं काढलं असतं. आमी कारखान्याच्या नळाचं आणतो."

"मला एकटीला तरी सांगायचं होतं."

परक्यानं केलं असतं तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. याला मी ओवाळलं होतं. निरांजन ताटात तसंच जळत राहिलं.

तेवढ्यात मुलगी दारात आली आणि "मामा आले, मामा आले" म्हणून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. कान गेल्यापासून तिला स्वतःचा आवाज कळत नव्हता.