शेवटच्या शेरातलं नाव

आजही तो साहेब आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस यायचा थांबला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. कालचे हमाल हातात चांदीचं कडं घालून अमरावतीच्या बाजारात मिरवत होते. मी एका गोऱ्या कापूस-व्यापाऱ्याकडे दुभाष्या होतो. अकोल्याला एका पाद्र्याने मला इंग्रजी शिकवलं होतं आणि गजलेचं वेड लागलं होतं मुशायऱ्यांत. मग मी इंग्रजीतच गजल लिहिली. मित्र म्हणाले, "बैलाले पायजमा चढवून राह्यला का बे?" म्हणोत. मला ती जमली होती.

साहेबालाही आवडली. नव्या वखारीच्या समारंभात ती वाचायची ठरली. पण म्हणाला, "तुझे उच्चार ऐकून पाहुणे हसतील. मीच वाचतो." माझे उच्चार! याच तोंडाने मी त्याचे सगळे सौदे जुळवत होतो, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. तरी मी हो म्हटलं. मुशायऱ्यात कवीचा घसा बसला तर दुसरा वाचतोच, आणि गजल कुणाची ते लपत नाही. शेवटच्या शेरात कवीने आपलं नाव गुंफलेलं असतं. ते तिथून कोण काढणार, असं मला वाटलं.

गावाहून बा आला होता. काळ्या मातीत जन्म गेलेला माणूस, पण मुशायऱ्याचा शौकीन. निम्मं उर्दू डोक्यावरून जायचं, तरी शेर आवडला की "मुकर्रर!" ओरडून परत म्हणायला लावायचा. इंग्रजी तर त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून मी शायरासारखं टोपणनाव घेतलं नाही, घरचंच नाव घातलं. सगळ्या गजलेत तेवढा एक शब्द त्याला कळणार होता.

दुपारी समारंभ झाला. साहेब गोऱ्या पाहुण्यांसमोर उभा राहिला. आम्ही दोघं मागे, कापसाच्या गठ्ठ्यांपाशी. बा मान पुढे काढून ऐकत होता. एकेक शेर झाला, टाळ्या पडल्या. साहेबाने कागद घडी करून खिशात घातला आणि छातीवर हात ठेवून वाकला. एका मडमेने विचारलं, "तुम्ही कधीपासून लिहिता?" तो नुसता हसला. चोराला लाजही नव्हती!

बाने मला कोपराने ढोसलं. "झालं काय? तुहं नाव तं आलंच नाई."

"नाई आलं, बा."

"काहून?"

गठ्ठे ओलांडून मी सरळ पुढे गेलो आणि राहिलेला शेर म्हटला. अर्थ असा होता: साऱ्या जगाला कापूस पाठवलास रे, आणि तुझ्या अंगावर कापड मात्र गोऱ्यांनी विणलेलं. त्यात माझं नाव होतं, ते मी ठणकावून घेतलं.

साहेबाचा चेहरा लालभडक झाला. त्याने दाराकडे बोट केलं. माझी नोकरी तिथेच संपली, हे मला कळलं.

तेवढ्यात मागून बाचा आवाज आला, "मुकर्रर!"

मी तो शेर परत म्हटला.