दोन्ही शिवणी एकदम

चादरीचं एक टोक दोरीवर गेलं होतं, दुसरं अजून बादलीत होतं, आणि शिंपीणबाईंचे कान अंगणातल्या गाडीखाली लागले होते. गाडी सासऱ्यांच्या वेळची, मागून पार बसलेली. स्प्रिंगचे नवे पाटे परवडत नव्हते, म्हणून शिंप्याने भंगारातल्या एका गाडीचे मागचे पाटे निवडून आणले, चाकं काढली, गाडी विटांच्या थप्प्यांवर टेकवली आणि स्वतः खाली शिरला. बाईंनी गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या भाड्याने आणायचं सुचवलं, तर म्हणतो कसा, "विटा काय पळून जाणार आहेत?"

मग बाईंनी एकच अट घातली. पान्याने अधूनमधून एक ठोका द्यायचा, म्हणजे माणूस धड आहे हे कळेल. दोन ठोक्यांच्या मध्ये त्या देवाचं नाव घेत, मोजून. सकाळपासून मोजणी विसाच्या पुढे गेली नव्हती. आता चाळीस झाली.

"अहो?"

एकेचाळिसावं नाव जिभेवरच राहिलं. हातातली चादर मातीत पडली.

वाकून बघतात तर शिंपी उताणा, आणि मागचा अ‍ॅक्सल एका बाजूने त्याने दोन्ही हातांवर पेललेला. जॅक कलंडला होता.

"ओरडू नकोस," तो दातांआडून म्हणाला. "गाडीला धक्का लावू नकोस."

"दोन्हीकडचे बोल्ट सोडलेत?"

"उसवताना दोन्ही शिवणी एकदमच उसवायच्या असतात."

"गॅरेजवाल्याने घसा कोरडा करून सांगितलं होतं, एका वेळी एकच बाजू. हा काय पायजमा आहे?"

बोलता बोलता बाई आणखी खाली वाकल्या. गाडीखालच्या एका थप्पीतल्या विटेला उभी चीर गेलेली त्यांना दिसली. शिंप्याला ती दिसत नव्हती. सांगावं तर तो दचकून हलेल. त्यांनी सांगितलं नाही.

लोखंडी बादलीतलं पाणी ओतलं, ती पालथी घालून अ‍ॅक्सलखाली सरकवली. मग काढून ठेवलेलं चाक आडवं करून पायाने रेटत चिरलेल्या विटेशेजारी, गाडीच्या पोटाखाली ढकललं. देवाचं नाव आता मोजणीशिवाय येत होतं.

"सोडा हात. हळू. या बाहेर."

तो खांद्यांवर सरपटत बाहेर आला. पाय ओढून घेतो न घेतो तोच वीट फुटली. गाडी दोन बोटं खाली आली आणि चाकावर टेकली.

शिंपी पुन्हा गाडीखाली वाकून बघू लागला.

"निदान कच्चे टाके घालून ठेवतो," तो चाचरत म्हणाला, "बोल्ट नुसते अडकवून..."

"पायरीवर बसा. मी येईपर्यंत उठायचं नाही."

चिखलात पडलेली चादर तशीच टाकून बाई घोड्या आणायला गॅरेजवाल्याकडे निघाल्या.