वांडाबाई भाडे घेत नाहीत

अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या वांडा गोर्झिका यांनी जन्मात कुणाचे पैसे नाकारले नव्हते. पण सात महिने भाडे थकवलेल्या सलूनवाल्या यूजीनवर त्यांनी गाळा खाली करायचा दावा लावला, तेव्हा वकिलाने बजावले, "आता त्याच्याकडून एक डॉलर जरी घेतलात, तर दावा रद्द, सगळं पहिल्यापासून!"

हे यूजीनलाही कळले. इतके दिवस तोंड चुकवणारा तो आता पन्नासची नोट घेऊन त्यांच्यामागे धावू लागला.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेत "तुम्हाला शांती लाभो" म्हणत शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली. मागच्या बाकावरून यूजीनने नोट दडवलेला हात पुढे केला. "मिळवा की हात, वांडाबाई!"

बाईंनी दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसले.

"वांडा, शेजाऱ्याला शांती नाही द्यायची?" फादरनी विचारले.

"देईन की फादर. उद्या कोर्टाने गाळ्याचा ताबा दिला, की लगेच!"